हन्नेचा लहान झगा

वाचन : १ शमुवेल २:१८-२१



नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक देखावा दरवर्षीं दृष्टीस पडतो. दुपारचीं भांडीं झालीं, कीं कोणी बाई ओसरीवर उन्हाला बसून क्रोशाची सुई चालवीत असते. मांडीवर लोंकरीचा गुंडा, आणि पायांवर हळूहळू पसरत चाललेलें पांघरूण. कोणासाठीं म्हणून विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें : पुण्यास नोकरीवर गेलेल्या मुलासाठीं, नांदावयास गेलेल्या लेकीसाठीं, किंवा येणाऱ्या नातवंडासाठीं. आम्ही पुष्कळ वर्षें हें पाहत आलों व पाहून पुढें चालते झालों. उपदेशास विषय शोधीत घरोघर फिरणारे आम्ही; पण ओसरीवर उघडा पसरलेला विषय आम्हांस दिसला नाहीं. या आठवड्यांत त्याविषयीं चार शब्द लिहूं इच्छितों.

पूर्वीं आमच्या आज्या जुनीं लुगडीं व धोतरें एकावर एक घालून धावदोऱ्यानें वाकळ शिवीत. ती विद्या याच मातींतली. क्रोशाची सुई मागाहून आली, आणि आमच्या घरांत ती बहुतेक मिशनच्या मुलींच्या शाळांतून व वसतिगृहांतून आली. तेथें वाचनलेखनाबरोबर शिवण व विणकाम शिकवीत. केडगांव येथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांतहि, १८९६-९७ च्या दुष्काळानंतर जमलेल्या शेंकडों निराधार मुलीबायकांस शिवणें, विणणें, छापखान्यांत काम करणें असे हातचे उद्योग शिकविले जात. या सुईचा आणि दुष्काळाचा संबंध दुसऱ्या देशांतहि आहे. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक सडूं लागलें व माणसें उपाशी मरूं लागलीं, तेव्हां मठवासी भगिनींनीं व इतर परोपकारी बायांनीं गरिबांच्या घरीं क्रोशाची जाळी शिकविली, आणि त्या जाळीवर कित्येक घरांत भाकर आली. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावून पैठणावरून वाहत जाते. ती जेथें समुद्रास मिळते त्या नरसापूर भागांतहि एकोणिसाव्या शतकांत मिशनरी लोकांनींच हें काम गरीब बायकांस शिकविलें. त्या बायकांची कथा पुढें सांगूं. ती सगळीच गोड नाहीं.

ज्या वाचकांनीं हें काम जवळून पाहिलें नसेल त्यांच्याकरितां थोडें सांगतों. दोन सुयांच्या विणकामांत पुष्कळ टांके एकदम सुईवर असतात. क्रोशाची सुई एकच, टोंकाशीं आंकडी असलेली, आणि तिच्यावर एक टांका पुरा झाला म्हणजे एकच फांस उरतो. आधीं साखळी घालावयाची, मग तिच्यावर खांब उभे करावयाचे. एका खांबास चार वेळां लोंकर सुईवर घ्यावी लागते. एका ओळींत दीडशें खांब व अशा शंभर ओळी धरिल्या, तर पंधरा हजार खांब होतात. म्हणजे साठ हजार वेळां त्या बाईनें लोंकर सुईवर घेतली. हें काम यंत्रानें होत नाहीं. बाजारांत यंत्रावर विणलेलें जें क्रोशासारखें दिसतें त्याची वीण निराळी असते. म्हणून खरें क्रोशाचें पांघरूण जेथें दिसेल तेथें निश्चयानें समजावें, कीं कोणी मनुष्य तितका वेळ एका ठिकाणीं बसलें होतें, आणि दुसऱ्या कोणाची तरी आठवण काढीत बसलें होतें.

नवशिक्या मुलींची एक चूक ठरलेली असते. ओळीच्या शेवटचा खांब त्या विसरतात. एकच खांब, त्या दिवशीं कोणास दिसत नाहीं. वीस ओळी झाल्यावर पांघरूण जमिनीवर पसरून पाहावें तों तें वर निमुळतें होत गेलेलें असतें, आणि मग उसवण्यावांचून उपाय नसतो. घरांतील संध्याकाळची प्रार्थना हा दिवसाचा शेवटचा खांब आहे. अंग थकलेलें असतें, डोळे मिटत असतात, आज राहूं द्या असें वाटतें. त्या दिवशीं कांहीं दिसत नाहीं, हें खरें.

आतां शास्त्रभागाकडे येऊं. हन्नेनें रडून मागितलेला मुलगा दूध तुटल्यावर शिलो येथें आणिला व परमेश्वराच्या सेवेस एली याजकाच्या हातीं दिला. नवस तिचा होता, तिनें तो फेडला. येथें गोष्ट संपली असती तरी आपण तिला मोठी बाई म्हटलें असतें. परंतु शास्त्र पुढें एक लहानशी गोष्ट सांगतें, ती इतकी घरगुती आहे कीं वाचतांना आपण तीवरून घसरून जातों. दरवर्षीं एलकानाबरोबर यज्ञास जातांना ती त्या मुलासाठीं एक लहान झगा करून नेत असे.

दरवर्षीं, याचा अर्थ मायबहिणींनीं लक्षांत आणावा. वर्षांतून एकदांच ती त्यास पाही. रामा येथें आपल्या घरीं झगा करावयास बसली म्हणजे माप कशाचें घेणार? गेल्या वर्षीं झगा गुडघ्याखालीं किती येत होता, हें आठवावयाचें, आणि त्यावर किती बोटें वाढवावीं याचा अदमास करावयाचा. शेजारणीचें त्याच वयाचें पोर अंगणांत खेळत असेल, त्यास जवळ बोलावून त्याच्या पाठीशीं वीत लावून पाहिली असेल. असें शास्त्र सांगत नाहीं. पण ज्या बाईनें वसतिगृहांत राहिलेल्या मुलासाठीं घरीं बसून कपडे शिवले आहेत, तिला हें शास्त्रानें सांगावें लागणार नाहीं. हन्नेचें पोर तिच्या दृष्टीआड वाढत होतें, आणि ती वाढ तिनें मनांत मोजीत राहिली. पुढें तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली झाल्या असें त्याच भागांत आहे. घरांत पांच पोरें असतां सहाव्याचा झगा चुकला, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

आणि तें मूल राहत होतें कोणत्या घरीं? एलीचे मुलगे कसे होते हें आपणांस ठाऊक आहे. यज्ञाच्या मांसावर ते बळजबरीनें हात टाकीत व याहून वाईट गोष्टीहि करीत. देवाच्या घरांतच ही दशा होती. अशा संगतींत हन्नेनें पोर ठेविलें, आणि वर्षाचे बाकीचे दिवस ती तेथें नव्हती. त्यास सांभाळावयास तिच्याजवळ काय होतें? प्रार्थना होती, आणि हा झगा होता. शमुवेलाच्या अंगावर तागाचा एफोद असे, तो सेवेचा. झगा आईचा. बंधूंनो, कित्येक उपदेशक असें सांगतात कीं देवाला दिलेल्या वस्तूवरून मन काढून घेतलें पाहिजे. हन्नेनें मूल परत मागितलें नाहीं, हें खरें. पण मन काढून घेतलें, असें या झग्याकडे पाहून आम्हांस म्हणवत नाहीं.

आज आपल्या मंडळ्यांतील किती घरें अशीं आहेत! मुलगा पुण्यास किंवा मुंबईस कारखान्यांत, मुलगी परगांवीं परिचारिकेचें शिकते. तिकडे ती रविवारीं उपासनेस जाते कीं नाहीं, कोणाबरोबर उठतेबसते, हें आईस कळत नाहीं. फोनवर बोलणें होतें. पोरगी सगळें बरें आहे म्हणते, आणि आई ऐकून घेते. मग ती बाजारांतून लोंकर आणते. बाजारांत यंत्राचीं पांघरुणें याहून स्वस्त व याहून ऊबदार मिळतात, हें काय तिला कळत नाहीं? कळतें. पण पोरीच्या खोलींत तिला जातां येत नाहीं. पांघरुणास जातां येतें.

येथवर आम्ही केवळ स्तुति केली. आतां दोष सांगतों, व ते सांगतांना आमच्या घरांतील माणसें हें वाचणार आहेत हें आम्हांस ठाऊक आहे.

पहिला दोष असा, कीं देऊन झाल्यावरहि आपण सोडीत नाहीं. मुलगा सुटीस घरीं आला कीं प्रश्न तयार असतो : मी डोळे फोडून विणलें, आणि तूं वापरीत नाहींस? पोर वसतिगृहांत लाजत असेल. दुसऱ्यांजवळ दुकानचें गुळगुळीत पांघरूण असेल. पोराचें तें लाजणें आम्ही चांगलें म्हणत नाहीं. तरुणांनो, ज्या पांघरुणास तुम्ही गांवठी म्हणतां त्याचे खांब एकदां मोजून पाहा. परंतु आईनें पांघरुणाची दोरी करून त्याच्या पायास बांधूं नये. हन्ना शिलोस गेली तेव्हां गेल्या वर्षीचा झगा कोठें आहे, फाडलास कसा, डाग कशाचा, असें विचारीत बसली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो झगा तोकडा झालाच असेल. तोकडा व्हावा म्हणूनच तर देवाजवळ मागणें होतें. याच्याच उलट दुसरीं कांहीं माणसें चांगलें म्हणून आलेलें पांघरूण ट्रंकेंत घालून ठेवितात व आपण गारठ्यांत निजतात. तेथें त्याचें काय होतें याविषयीं प्रभूनें डोंगरावर बोलतांना कसरीचें नांव घेऊन सांगितलें आहे.

दुसरा दोष याकोबाचा. त्यानें योसेफास झगा केला, तोहि प्रेमानेंच. पण एकाच्या अंगावर प्रेम घातलें व दहा थोरले भाऊ पाहत राहिले. शेवटीं तोच झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून बापापुढें आणिला गेला. आमच्या घरांत रक्त सांडत नाहीं. परंतु नातवास नवें लोंकरीचें आणि नातीस जुनी वाकळ, मुलाच्या पोरास आधीं आणि मुलीच्या पोरास उरल्या लोंकरीचें, हें आम्ही आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. पोरें बोलत नाहींत, पण मोजतात.

तिसरी गोष्ट नरसापूरची. ज्या बायकांस मिशनरी लोकांनीं दयेनें क्रोशा शिकविला, त्यांच्या हातची जाळी पुढें परदेशीं जाऊं लागली व मोठा व्यापार झाला. १९८२ सालीं मारिया मीस या जर्मन विदुषीनें त्या बायकांविषयीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. नफा व्यापाऱ्यांच्या घरीं जाई, आणि दिवसभर वांकून विणणारीस अगदीं थोडी मजुरी पडे. कारण ती घरांतच बसलेली असते, रिकाम्या वेळांत करते, तें कांहीं काम नव्हे, असें सर्वांनीं ठरविलें होतें. आपल्या गांवांतहि एखादी विधवा पैशासाठीं विणून देते. तिचा भाव पाडतांना आपण हेंच बोलतों, बसूनच तर करतां. जी बाई आपल्या लेकरासाठीं फुकट विणते तिला त्या साठ हजार फेऱ्यांची किंमत ठाऊक आहे. मग शेजारणीच्या फेऱ्या स्वस्त कशा झाल्या? मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ अडकवून ठेवूं नये असें नियमशास्त्र सांगतें (लेवीय १९:१३). पांघरुणाचीहि गोष्ट त्यांत आहे : गरिबाचें वस्त्र गहाण घेतलें असेल तर सूर्य मावळण्यापूर्वीं परत करावें, कारण रात्रीं अंगावर घ्यावयास त्याच्याजवळ दुसरें कांहीं नसतें (निर्गम २२:२६, २७). देवानें सीनायवर दिलेल्या नियमांत गरिबाच्या रात्रींच्या थंडीचा विचार केला आहे, हें वाचून आम्हांस दर वेळीं नवल वाटतें.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारांत उतरतात. पाचटाच्या कोपींत पोरें निजतात. पहांटे आईबाप फडांत गेलेले असतात. तीं पोरें कोणाचीं प्रियजन नव्हेत काय? ज्या घरांत या हिवाळ्यांत एक पांघरूण विणून झालें आहे, त्या घरानें एक वाकळ कोपींत द्यावी अशी आमची विनंति आहे. फाटकी देऊं नये. आणि एक व्यवहाराची गोष्ट : हल्लीं लोंकर म्हणून जी विकत मिळते ती पुष्कळदां ॲक्रिलिकची असते, व ती विस्तवाजवळ वितळून अंगास चिकटते. कोपींत चूल उशाशीं असते, म्हणून तेथें सुती लुगड्यांची वाकळच बरी. तान्ह्या मुलासाठीं विणतांनाहि मोठ्या भोंकांची जाळी नको, बोटें अडकतात.

उपदेशक बंधूंनो, हें बायकांचें काम म्हणून तुम्हीं पान उलटूं नये. निवासमंडपाचें विणकाम व भरतकाम करावयास परमेश्वरानें बसालेल व अहलियाब या पुरुषांस ज्ञान दिलें. पौल स्वतः तंबू करणारा. तुरुंगांतून तीमथ्यास लिहितांना त्यानें त्रोवस येथें कार्पाच्या घरीं राहिलेला आपला झगा आणावयास सांगितला, व हिवाळ्याच्या आंत येण्याचा यत्न कर असें कळविलें. इतक्या मोठ्या प्रेषितासहि थंडी वाजत होती. आणि घरोघर जातांना ओसरीवर विणीत बसलेली बाई दिसली तर कोणासाठीं, एवढें तरी विचारावें. आम्हीं तें विचारावयास फार उशीर केला, आणि त्याची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों.

आमच्या एका मंडळींत एक वृद्ध बहीण सुनेच्या बाळंतपणासाठीं पांढऱ्या व पिवळ्या लोंकरीचें लहान पांघरूण विणीत होती. आठव्या महिन्यांत मूल मेलेलेंच जन्मलें. आम्ही समाचारास गेलों. निघतांना म्हातारी आमच्यामागून दारापर्यंत आली, पदराखालून तें पांघरूण काढलें, आणि हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, हें उसवूं का? लोंकर वायां जाईल." दोन तृतीयांश झालें होतें, सुई अजून फांसांत होती.

आम्हांस उत्तर चटकन सुचलें, आणि चटकन सुचलें हेंच वाईट झालें. आम्हीं यापो येथील दुर्कसेची गोष्ट काढिली, तिनें केलेलीं वस्त्रें विधवांनीं पेत्रास कशीं दाखविलीं तें सांगितलें, आणि म्हटलें, "आजी, उसवूं नका. पुरें करा, आणि इस्पितळांत एखाद्या गरिबाच्या बाळास द्या. देवास तें आवडेल." प्रार्थना केली व समाधानानें घरीं आलों. त्या पायरीवर आम्ही बोलत होतों तेव्हां आंतल्या खोलींत सून जागी होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

महिन्यानें पुन्हां गेलों. सून पाणी घेऊन आली व तेथेंच उभी राहिली. ती फार बोलणारी नव्हे. म्हणाली, "पाळकसाहेब, तें कोणाला देऊं नका म्हणून आत्याबाईंना सांगा. पाळणा परत दिला, दुपटीं उचलून ठेवलीं. मला दुःख होईल म्हणून सगळ्यांनीं सगळें लपविलें. त्याचें तोंडहि मला नीट दाखविलें नाहीं. तेवढें एक त्याच्यासाठीं केलेलें होतें."

आम्हांस बोलावयास कांहीं राहिलें नाहीं. दुर्कसेची गोष्ट आम्हीं सांगितली होती. पण त्या विधवा वस्त्रें हातांत धरून रडत होत्या, आणि पेत्रानें त्यांस तीं वस्त्रें नेऊन कोणास द्या असें सांगितलें नव्हतें, हें आम्हीं विसरलों होतों. हन्नेचा झगा तरी मापाच्या पोरासाठीं होता. या पोराचें माप कोणीं घेतलेंच नव्हतें, आणि आम्हीं तें पांघरूण चार वाक्यांत दुसऱ्याचें करून टाकिलें. आम्हीं सुनेची क्षमा मागितली. म्हातारी आंत गेली, कणगीमागें ठेवलेली पिशवी घेऊन आली, व पांघरूण काढून सुनेच्या मांडीवर ठेविलें. दोघी रडल्या. पहिल्यानेंच एकत्र रडल्या, असें मागाहून म्हातारीनें सांगितलें.

उरलेल्या ओळी दोघींनीं मिळून विणल्या. सून तेव्हांच शिकली. सासूची वीण सैल आणि सुनेची घट्ट, त्यामुळें वरच्या बाजूस तें पांघरूण थोडें आंखडलेलें दिसतें. गेल्या नाताळांत आम्ही त्यांच्या घरीं गेलों तेव्हां तें खाटेच्या पायथ्याशीं घडी करून ठेविलेलें होतें. त्या घरांत अजून दुसरें मूल नाहीं. प्रार्थनेंत आम्हीं घरांतील सर्वांचीं नांवें घेतलीं, आणि त्या बाळाबद्दलहि देवाचे आभार मानिले. सुनेचें आमेन आमच्या आधीं ऐकूं आलें.